व्हेटकडचा रिकाम्या स्ट्रिपांचा बोर्ड

क्लिनिकचं नाव टाकत नाहीये, कारण खाली दोन तक्रारीपण आहेत आणि डॉक्टर आता ओळखीचे झालेत. पुण्यात आमच्या भागातलं छोटंसं आहे, आत दोन खोल्या, बाहेर सहा खुर्च्या. बोका आणि आमचा पॉम (पॉमेरेनियन कुत्रा) दोघांना तीन वर्षं तिथेच नेतोय.

पहिल्यांदा गेले तेव्हा फॉर्म भरताना काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, घरात कोणाला बीपी, शुगर, थायरॉइड आहे का, गोळ्या कुठे ठेवता. मी मनात म्हणलं, आमच्या शुगरशी यांना काय करायचंय! नंतर लक्षात आलं, सासूबाईंच्या गोळ्यांचा डबा टीपॉयवर उघडाच असायचा आणि पॉम तिथेच लोळायचा.

पण खरी कमाल तो बोर्ड. थर्माकोलच्या शीटवर खऱ्याखुऱ्या रिकाम्या स्ट्रिपा चिकटवल्यात, क्रोसिन, डोलो, कॉम्बिफ्लाम, व्होव्हेरान, वर लाल फुली आणि खाली स्केचपेनने मराठीत कोणाला काय होतं ते. आधी म्हणे छापील इंग्रजी पोस्टर होतं, त्यावर 'ॲसिटॅमिनोफेन' लिहिलेलं, आता ते म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, म्हणजेच क्रोसिन, हे कोणाला कळणार? स्ट्रिप मात्र सगळे ओळखतात. सासूबाई बोर्ड बघून लगेच, "अगं ही तर माझी गुडघ्याची!"

मागच्या पावसाळ्यात बोक्याला ताप आला, रात्रीचे साडेनऊ, अंग नुसतं भाजत होतं आणि आमचे बाबा पाव डोलो चमच्यात कुस्करून तयार, "लहान मुलांना देतोच की आपण". मला तो बोर्ड आठवला म्हणून हात धरला आणि फोन लावला. डॉक्टर म्हणाले मांजराला पॅरासिटामॉलचा कुठलाच डोस सेफ नाही, पाव पण नाही, त्यांच्या लिव्हरला ते नीट निकामी करता येत नाही, मग रक्तच ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं, हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. दिलं असेल तर उतारा आहे पण लगेच यावं लागतं, सुजेची वाट बघत बसायचं नाही. आम्ही दिलं नव्हतं, तरी सकाळी नेलं तेव्हा बाबांना समोर बसवून परत सगळं सांगितलं, न ओरडता. (बाबा घरी येऊन म्हणे मला माहीतच होतं. असो.)

कुत्र्याचं वेगळं, त्याला आयबुप्रोफेन वाईट, पोटात अल्सर आणि किडनीवर येतं, आणि कॉम्बिफ्लाममध्ये ते पॅरासिटामॉलच्या जोडीला असतंच. मी विचारलं, मग तुम्ही दुखण्यावर देता ते मेलोक्सिकॅम मेडिकलमध्ये पण मिळतं की? तर कॅल्क्युलेटर काढून दाखवलं, पाच किलोच्या पॉमला अर्धा ते एक मिलिग्रॅम, आणि माणसांची गोळी 7.5 नाहीतर 15 ची. तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. व्होव्हेरानमधल्या डायक्लोफिनॅकवरून गिधाडांचा विषय निघाला, औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं संपत आली म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं, हे मला तिथेच कळलं. बाहेर लाइन लागली होती तरी सांगत बसले होते.

निघताना फ्रिजवर लावायला कार्ड देतात: काय खाल्लं, किती, किती वाजता, वजन किती, स्ट्रिप सोबत आणा, मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. मिठाचं पाणी आमच्याकडे हमखास कोणीतरी सुचवतंच.

आता तक्रारी. रात्री दहानंतर फोन बंद आणि कार्डावर दुसऱ्या कुठल्या इमर्जन्सी हॉस्पिटलचा नंबर नाही, हे मला अजिबात पटलेलं नाही, जनावरं काय टाइम बघून गोळ्या खातात का! सांगितलंय दोनदा, "टाकतो" म्हणालेत. दुसरं म्हणजे बोर्ड कुत्र्यांच्या वजनकाट्यामागे आहे, मांजरवाले लांब कोपऱ्यात पिंजरा मांडीवर घेऊन बसतात आणि क्रोसिनचा सगळ्यात जास्त धोका त्यांनाच.

चार स्टार. संध्याकाळी सहाच्या आत जा, नंतर दीड तास कुठे गेला नाही, आणि पार्किंग विसरा.