रेशी अळिंबीच्या कॅप्सूल: डेंग्यूवरचा दावा टिकत नाही

पावसाळ्याच्या तोंडावर ऑनलाइन मागवलेल्या या कॅप्सूलची बाटली दर्जेदार आहे, सील घट्ट आहे आणि कॅप्सूल उघडून पाहिली तर आतली तपकिरी, कडवट पूड कोरडी व सुटी निघते. लेबलवर मात्र अर्क अळिंबीच्या छत्रीचा आहे की धान्यावर वाढवलेल्या बुरशीच्या तंतूंचा, याचा उल्लेख नाही, आणि बीटा-ग्लुकन या अळिंबीतील उपयुक्त मानल्या जाणाऱ्या शर्करेचे प्रमाणही दिलेले नाही.

माझा खरा आक्षेप सोबतच्या माहितीपत्रकाला आहे. त्यात ‘डेंग्यू व चिकुनगुन्यावर गुणकारी’ असे ठळक छापले आहे, तर बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना आहे.

बुरशीजन्य संयुगांवरचे संशोधन मला मोलाचे वाटते, म्हणूनच हा दावा अधिक खटकतो. पेनिसिलियम बुरशीपासून मिळणारे मायकोफेनोलिक अ‍ॅसिड पेशीतील ग्वानोसिनचा साठा घटवते आणि विषाणूला स्वतःच्या आरएनएच्या प्रती काढण्यासाठी तोच कच्चा माल लागत असल्याने प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये डेंग्यूच्या विषाणूची वाढ रोखली जाते. परंतु मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर रुग्णाची प्रतिकारशक्ती दाबून ठेवण्यासाठी देतात ते औषधही हेच. अ‍ॅस्परजिलस टेरियस या बुरशीतून मिळालेल्या लोव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाची तर व्हिएतनाममधील हो ची मिन्ह सिटी येथे डेंग्यूच्या ३०० प्रौढ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध सुरक्षित ठरले, पण रुग्णांना त्याचा फायदा झाला नाही आणि रक्तातील विषाणूंचे प्रमाणही त्यामुळे घटले नाही. रेशीतील ट्रायटरपीन संयुगांची डेंग्यूविरोधी कामगिरी तर अजून संगणकीय पडताळणी आणि पेशींवरील प्रयोग यांच्यापुरतीच आहे.

याहून गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. रेशीमुळे रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते, म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना ती जपून घेण्यास सांगतात. डेंग्यूत प्लेटलेट घसरत असताना असे उत्पादन घेण्याचा सल्ला देणारे माहितीपत्रक याविषयी चकार शब्द काढत नाही, आणि विक्रेत्याकडे विचारणा केली असता ‘नैसर्गिक आहे, अपाय होत नाही’ एवढेच उत्तर मिळाले.

एरवी पूरक आहार म्हणून कोणाला ही कॅप्सूल घ्यायची असेल, तर त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी. ताप आल्यावर मात्र ही बाटली बाजूला ठेवून एनएस-१ (रक्तातील डेंग्यू विषाणूचे प्रथिन शोधणारी चाचणी) व प्लेटलेटची तपासणी करावी, भरपूर पातळ पदार्थ घ्यावेत, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल घ्यावे आणि अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळावे.