कुत्र्यांच्या आवारासाठी आलेली ‘४ मि.मी.’ची तार

अंगणात आमच्या दोन कुत्र्यांसाठी जाळीचे मोकळे आवार बांधून देणाऱ्या ठेकेदाराने आम्हाला जे फसवले, ते सगळे डोळ्यांआड राहणाऱ्या भागांत: तारेवरच्या प्लॅस्टिकखाली, पाइपच्या पोटात आणि जमिनीत. असे आवार बांधून घेण्याच्या विचारात असलेल्यांनी काम देण्यापूर्वी हे वाचावे, म्हणून तपशिलाने लिहीत आहे.

कोटेशनमध्ये ‘४ मि.मी. पीव्हीसी आवरणाची चेनलिंक जाळी’ असे लिहिले होते आणि आलेली जाळी बाहेरून मोजली असता ती खरोखरच ४ मि.मी. भरत होती. पुढे मोठ्या कुत्र्याने एका कोपऱ्यातले आवरण दातांनी सोलून काढले, तेव्हा आतली लोखंडी तार जेमतेम २.५ मि.मी.ची असल्याचे दिसले. तारेची ताकद तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. त्यामुळे जाडी ४ वरून २.५ वर आली की लोखंड चाळीस टक्क्यांहूनही कमी उरते. दात लावणाऱ्या कुत्र्यापुढे अशी जाळी टिकत नाही, आणि तुटलेल्या तारेची टोके त्याच्या हिरड्यांत घुसतात. विचारणा केल्यावर ठेकेदाराने ‘४ मि.मी. म्हणजे आवरणासकट’ असे उत्तर दिले. कोटेशनमध्ये आतल्या तारेची जाडी कुठेच लिहिलेली नसल्याने त्याला तसे म्हणता आले. हा अपघात नव्हता, शब्दांची निवड विचारपूर्वक केलेली होती, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर खांब तपासले. ५० मि.मी. व्यासाचा आणि २ मि.मी. जाडीचा पाइप मीटरला सुमारे २.४ किलो भरतो. आमच्याकडे लावलेल्या पाइपचा उरलेला तुकडा त्या हिशेबाने जवळपास १.२ मि.मी. जाडीचा निघाला. पाइपच्या तोंडावर टोप्या बसवून टाकलेल्या असल्यामुळे ही जाडी एरवी कळण्याचा मार्गच नव्हता. पाइप वजनावर घ्यावा आणि टोपी बसण्याआधी कापलेल्या टोकाला व्हर्नियर कॅलिपर लावून पाहावा.

सगळ्यात संतापजनक प्रकार जमिनीखालचा होता. कुत्रे कुंपणाच्या कडेला उकरतात, म्हणून जाळीचा दीड फूट पट्टा आतल्या बाजूला वळवून मातीखाली पुरायचे ठरले होते आणि त्याचे पैसेही बिलात लावलेले होते. धाकटी कुत्री उकरून बाहेर पडली आणि रस्त्यावर सापडली, तेव्हा आम्ही कडेची माती काढून पाहिली. तिथे जाळीचा एक तुकडाही नव्हता. ती सुखरूप मिळाली, पण एखादे वाहन आले असते तर काय झाले असते, हा विचार अजूनही पाठ सोडत नाही.

जस्ताबद्दलही सांगायला हवे. गॅल्व्हनाइज्ड पाइपवर वेल्डिंग केले की त्या जागचा जस्ताचा थर जळून जातो. तो सांधा साफ करून त्यावर जस्तयुक्त रंग द्यावा लागतो. आमच्याकडे नुसता चंदेरी रंग फासला होता, त्यामुळे पहिल्या पावसातच सांधे गंजले. सुटणारे पापुद्रे कुत्र्यांच्या तोंडाला लागू देऊ नयेत, कारण जस्त पोटात गेल्यास त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. उलट्या, फिकट हिरड्या, गडद रंगाची लघवी दिसली तर पशुवैद्याकडे त्वरित जावे.

आता दुसऱ्या कारागिराकडून काम करून घेताना करारातच ‘आतल्या तारेची जाडी’ असे शब्द घातले आहेत, आणि प्रत्येक खड्ड्याचा व पुरलेल्या पट्ट्याचा फोटो काढल्याशिवाय त्यावर काँक्रीट किंवा माती टाकायची नाही, तसेच शेवटचा हप्ता एक पावसाळा सरल्यावरच द्यायचा, या दोन अटीही त्याने मान्य केल्या आहेत.