डिजिटल सातबारा: उतारा झटपट, दुरुस्ती जुन्याच चालीने

उतारा काढण्यापुरतं बोलायचं तर तक्रारीला जागा नाही. महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर निवडायचा, 15 रुपये भरायचे, की डिजिटल सहीचा सातबारा हातात. भूलेख या दुसऱ्या सरकारी संकेतस्थळावरचा फुकट उतारा फक्त माहितीसाठी असतो. 15 रुपये वाचवून बँकेचा हेलपाटा ओढवून घेऊ नका. सहीच्या उताऱ्यावरचा 16 अंकी क्रमांक टाकून कुणालाही खरेपणा तपासता येतो, त्यामुळे शिक्का लागत नाही. 2018 पासूनची ही सोय मला मनापासून आवडते.

घोडं पेंड खातं ते नावापाशी. हस्तलिखितात ‘विठ्ठल दगडू’ असतं, संगणकावर चढवताना ‘विठल दगडु’ होतं. एरवी खपून जातं. पण शेतकरी ओळख क्रमांक काढताना आधार आणि सातबाऱ्यावरची नावं जुळवली जातात. जुळणीचे गुण कमी पडले की अर्ज आपोआप मंजूर होत नाही, पडताळणीत अडकतो.

उपाय आहे: जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 155. ई-हक्क या महसूल खात्याच्या ऑनलाइन अर्जांच्या संकेतस्थळावर ‘हस्तलिखित व संगणकीकृत तफावत’ हा प्रकार निवडून अर्ज करायचा, आदेश तहसीलदार देतात. बहुतेक जण सोबत नुसतं आधार जोडतात आणि अर्ज त्रुटीत निघतो. आधारवरून तुमचं आजचं नाव कळतं, नक्कल करताना चूक झाली हे सिद्ध होत नाही. त्यासाठी संगणकीकरणाआधीचा हस्तलिखित सातबारा आणि ते नाव ज्या फेरफाराने, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाच्या नोंदीने, लागलं तो मूळ फेरफार लागतो. फेरफारातच नाव चुकलं असेल तर आणखी मागे, नोंदणीकृत दस्तापर्यंत जावं लागतं. हक्काचा वाद या कलमात बसत नाही, फक्त लेखनप्रमाद, म्हणजे लिहिण्यातली चूक.

आणि इथेच माझा राग आहे. जुन्या अभिलेखांचं स्कॅनिंग सरकारनेच केलंय, अनेक तालुक्यांचे फेरफार ‘आपले अभिलेख’ या जुन्या कागदांच्या संकेतस्थळावर दिसतात. नोंद सरकारची, स्कॅन सरकारकडे, नक्कल करतानाची चूक सरकारी दप्तरातली, मग पुरावा शेतकऱ्याने का आणायचा? अर्जात गट नंबर टाकताच जुनं पान शेजारी उघडलं पाहिजे. ते होत नाही तोवर संगणकावर आलंय ते फक्त कागद देणं.

फेरफाराच्या नोटिशीनंतरचे हरकतीचे 15 दिवस मात्र कमी करू नयेत. आधी ती मुदत वेळकाढू वाटायची. ‘आपली चावडी’ या ऑनलाइन सूचना फलकावर फेरफार क्रमांक, प्रकार आणि हरकतीची शेवटची तारीख दिसू लागल्यापासून मत बदललं. गावाबाहेर राहणाऱ्या खातेदाराला गुपचूप झालेली वारस नोंद तिथेच पकडता येते. मात्र चावडी आपण होऊन अधूनमधून उघडायची सवय हवी.

155 च्या अर्जात तुमचे सगळे गट नंबर लिहा. एक राहिला तर त्या गटावर चुकीचंच नाव राहतं. आदेशाचा अंमल झाला की प्रत्येक गटाचा सातबारा आणि 8अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा) नव्याने काढून अक्षर न् अक्षर ताडून पाहा.