‘500 किलो’ छापलेल्या पट्ट्याला लटकण्याआधी

घरच्या घरी जिम्नॅस्टिक्सची ताकद कमवायची तर खरेदी थोडकीच असते: रिंगची एक जोडी, ती टांगायला भक्कम जागा, पॅरलेट्सची (जमिनीवर ठेवून हात टेकायच्या बुटक्या दांड्यांची) एक जोडी आणि हाताला लावायची मॅग्नेशियम कार्बोनेटची पावडर. सुरुवातीची दोन वर्षं एवढ्यावर सहज निघतात. ही यादी फुगवली जाते तिथून फसवणुकीला सुरुवात होते. ‘होम जिम्नॅस्टिक्स किट, 11 वस्तू, फक्त आज निम्म्या दरात.’ त्या अकरांत दोरीउडीची दोरी, घाम टिपायचा रुमाल आणि व्यायामाचा छापील तक्ताही मोजलेला असतो. वस्तूंचा आकडा बघून माणूस हुरळतो. रिंग टांगणाऱ्या ज्या पट्ट्यावर आणि बकलावर आपण डोकं खाली पाय वर करणार आहोत, ते बघायचं राहूनच जातं.

पट्ट्यावर ‘500 किलो’ छापलेलं असतं. हा आकडा खरा असला, तरी बहुतेक वेळा तो नुसत्या विणलेल्या पट्टीचा तुटण्याचा भार असतो. बकल, शिलाई आणि पट्टा मिळून किती पेलतात, हे त्यात येत नाही. शिवाय सुरक्षित भार तुटण्याच्या भाराच्या साधारण एक-तृतीयांश धरतात. झोक्याचं गणित वेगळंच. शरीर आडव्या पातळीपासून सुटून खाली आलं, की तळाशी दोरीवरचा ताण वजनाच्या तिप्पट होतो. म्हणजे 70 किलोच्या माणसाचे 210.

आता बकल हातात घ्या. आत स्प्रिंगवर बसलेला, दात असलेला एक तुकडा असतो, त्याला कॅम म्हणतात. पट्टा ओढला की हे दात त्यात अधिक रुतले पाहिजेत. स्वस्त संचात दात उथळ असतात, किंवा पट्टा बकलाच्या मापापेक्षा पातळ दिलेला असतो. मग तो एकदम सुटत नाही, दर सेटला दोन-चार मिलिमीटर सरकतो. एक रिंग खाली उतरते आणि सगळा भार एका खांद्यावर येतो. ‘स्टीलचं बकल’ असा दावा असेल तर चुंबक लावून बघा. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूला ते चिकटत नाही. जस्ताचं बकल वाईटच असतं असं नाही, पण स्टील सांगून जस्त देणारा बाकी आकडेही तसेच छापतो.

पट्ट्याच्या टोकाचे चार धागे काढून पाण्यात बुडवा आणि बोटांनी दाबून हवा घालवा. पॉलिस्टर आणि नायलॉन बुडतात, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. गच्चीत किंवा गॅलरीत टांगायचं असेल तर तरंगणारा पट्टा नकोच, उन्हाने तो लवकर कमजोर होतो. खरी चाचणी मात्र भाराची. रिंग जमिनीपासून वीतभर उंच ठेवा, बकलातून पट्टा बाहेर येतो तिथे पेनाने रेघ मारा आणि एका रिंगवर दोन माणसांनी आधार धरून हळूहळू वजन टाका. पाच मिनिटांनी रेघ हललेली दिसली तर माल परत. चांगल्या बकलालाही सुटलेल्या टोकाची गाठ बकलाला भिडवून मारावी.

रिंगच्या लाकडातही गफलत असते. स्पर्धेच्या रिंगची जाडी 28 मिमी आणि आतला व्यास 18 सेमी असतो. घरासाठी 32 मिमीचीही मिळते. कॅलिपर नसेल तर कागदाची पट्टी जाडीभोवती गुंडाळा: 28 मिमीला सुमारे 8.8 सेमी भरते, 32 ला 10 सेमी. ‘बर्च’ म्हणून येते ती कधी कधी भुशाच्या दाबलेल्या पाट्याची, वरून लाकडाच्या रेषा छापलेली. प्लायची रिंग असेल तर कडेला थर दिसतात. संशय आलाच तर आतल्या बाजूला नखाएवढी जागा खरवडून पाण्याचा थेंब ठेवा. भुशाचा पाट फुगतो आणि मऊ पडतो. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात हे आपोआपच कळतं, पण तोवर परतीची मुदत उलटलेली असते. चकचकीत वार्निश मात्र दोष नव्हे, 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं की पकड येते.

पावडरीच्या नावाखाली टाल्क किंवा शाळेच्या खडूचा चुरा येतो. टाल्कने हात उलट निसटतो. लिंबाचा रस टाकून बघा: कार्बोनेटला बुडबुडे येतात, टाल्कला आणि जिप्समच्या खडूला येत नाहीत. दाराच्या चौकटीत फिरवून बसवायच्या बारबद्दल एवढंच, की तो नुसत्या घर्षणावर टिकतो. ग्रॅनाइटच्या गुळगुळीत चौकटीत त्याला लटकू नका, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

पॅरलेट्स विकत घेण्यापेक्षा घरी करा. सव्वा इंची यूपीव्हीसीचा 3 मीटर पाइप जोडीला पुरतो. एका नगाला 40 सेमीची मूठ, 15 सेमीचे 2 उभे तुकडे, 12 सेमीचे 4 पाय, 2 एल्बो, 2 टी आणि 4 टोप्या. सॉल्व्हंट (पाइप चिकटवायचा द्राव) न लावता जोडलं तर मूठ हातात फिरते. दुकानदार कधी वायरिंगचा पातळ पाइप पुढे करतो, तो वाकतो. ‘प्लंबिंगचा पाइप’ असं सांगून मागा.

पैशांची फसवणूक साधारण अशी होते. जाहिरातीत ‘कॅश ऑन डिलिव्हरी’, मग फोन येतो: ‘डिलिव्हरी चार्ज आधी क्यूआरवर टाका.’ नाही म्हणा. पार्सलवर निर्मात्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि मूळ देश नसेल तर फोटो काढून ठेवा. बंद खोक्यावरच्या लेबलापासून सुरू होणारा, मध्ये न थांबवलेला व्हिडिओ करा. परताव्यासाठी कस्टमर केअरचा नंबर सर्चमध्ये शोधू नका, बिलावरचाच वापरा. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर, सदोष मालासाठी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करा. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

आणि माल परत पाठवताना कुरिअरच्या पावतीवर पार्सलचं वजन लिहून घ्या. ‘खोकं रिकामं आलं’ हे उत्तर विक्रेत्याकडे तयार असतं.