.४५ चं लेझर काडतूस, सात महिन्यांनंतर: सहा ठोक्यांत एकच ठिपका

फास्ट ड्रॉ म्हणजे तबकडीतला दिवा लागताच होल्स्टरमधून (कमरेच्या म्यानातून) रिव्हॉल्व्हर काढून कमरेजवळूनच तबकडीवर मेणाची गोळी मारण्याचा खेळ. घरी गोळीविना सराव करायला हे लेझर काडतूस: हॅमर (घोडा) मागच्या रबरावर पडला की ते क्षणभर पेटतं आणि नळीतून ठिपका पाडतं. दुकानदार सांगत नाही ते आधी. सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरचा (ज्यात हॅमर दर वेळी अंगठ्याने ओढावा लागतो) हॅमर ओढला की सिलिंडर, म्हणजे काडतुसांची सहा घरं असलेला फिरता नळकांडा, एक घर पुढे सरकतो. म्हणजे लेझर एकदा चमकला की पुढचे पाच ठोके कोरेच. जाहिरातीतले व्हिडिओ सगळे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांचे, तिथे काडतूस जागचं हलत नाही. इथे पूर्ण किंमत मोजून सहावा हिस्सा माल पदरात. सहा घ्या, असा सल्ला मिळतो. देणाऱ्याचं काय जातं?

नळीच्या तोंडात खोचायचा लेझर सिलिंडरबरोबर फिरत नाही, पण तो पुढे बाहेर राहतो, होल्स्टरमध्ये बसत नाही आणि नळीचं टोक जड करतो. ड्रॉच्या सरावाला बाद.

तरीही हे काडतूस फेकून दिलेलं नाही, कारण नेम कुठे बिघडतो ते त्याच्याइतकं स्वस्तात दुसरं काही दाखवत नाही. २४ इंची तबकडी २१ फुटांवर असते. मध्यापासून कडेपर्यंत कोन भरतो जेमतेम २.७ अंश. पावणेपाच इंची नळीचं टोक पावणेसहा मिलिमीटर वर-खाली झालं की गोळी बाहेर. आता नळी खालून आडवी यायला ०.१ सेकंद धरा. त्या वेगात न थांबता गेली तर तबकडीसमोर ती फक्त ६ मिलिसेकंद असते. कमरेजवळून मारताना साइट (नळीवरची नेमाची खूण) बघायला वेळच नसतो. (राही सरनोबतच्या २५ मीटर पिस्तुलाशी तुलना नको. तिथल्या जलद फेरीत हात उचलून नेम धरायला ३ सेकंद मिळतात.) त्यामुळे इथली अचूकता म्हणजे नळी आडवी होऊन थांबणं आणि हॅमर पडणं यांची सांगड.

लेझर क्षणभर पेटलेला राहतो, म्हणून हलत्या नळीचा ठिपका न पडता रेघ ओढली जाते. रेघ खालून वर गेली तर हॅमर लवकर पडला. खऱ्या सामन्यात ही गोळी तबकडीखालून जाते. वरून खाली आली तर नळी जास्त उचलून परत आणली. तिरकी असेल तर कोपर अंगापासून सुटलं किंवा अंगठ्याने हॅमर ओढताना पकड पिळली गेली. ठिपका गोल पण बाजूला, तर दोष पायांच्या दिशेत किंवा मनगटात. घरात साडेदहा फुटांवर १२ इंची वर्तुळ लावा, कोन तोच राहतो.

नवीन काडतूस आलं की पहिलं काम: रिव्हॉल्व्हर टेकवून पक्कं ठेवा, लेझर पेटवा, काडतूस सिलिंडरच्या त्याच घरात थोडं फिरवा, पुन्हा पेटवा. ठिपका भिंतीवर वर्तुळात फिरला तर लेझर मध्यावर नाही. एक अंशाची चूक २१ फुटांवर जवळजवळ साडेचार इंच होते. असा माल त्याच दिवशी परत पाठवा.

पाचव्या महिन्यात मागचं रबर दबलं आणि तीनात एकदा लेझर पेटेना. कोल्टसारख्या, हॅमरलाच ठोक्याची पिन असलेल्या रिव्हॉल्व्हरवर हे लवकर होतं. रुगर व्हकेरोतल्या ट्रान्सफर बारचा (हॅमर आणि पिन यांच्यामधल्या पट्टीचा) ठोका मवाळ. विक्रेत्याचं उत्तर: रबर झिजणारा भाग, वॉरंटीत नाही, सुटा मिळत नाही, नवीन काडतूस घ्या. पाऊण सेंटीमीटरच्या रबरासाठी! खोडरबराची चकती कापून चालते, फक्त ती काडतुसाच्या कडेच्या वर येता कामा नये. किंचित जाड झाली तरी सिलिंडर मागे घासून अडतो.

आता एक कबुली. सुरुवातीचा पाच कोऱ्या ठोक्यांचा राग सहाव्या महिन्यात बराच उतरला. प्रत्येक वेळी ठिपका दिसला की नजर दिव्यावरून सुटून ठिपक्यामागे धावते आणि हात मंदावतो. उरलेल्या पाच घरांत डमी काडतुसं भरा, गेट (काडतूस भरायची बाजूची झडप) उघडून सिलिंडर फिरवा, न बघता बंद करा. कुठला ठोका लेझरचा ते कळत नाही, म्हणून सहाही ड्रॉ खरे होतात. त्याआधी सहाही घरं एकेक करून तपासा, जिवंत काडतुसं दुसऱ्या खोलीत. विक्रेत्याला याचं श्रेय अर्थातच नाही.

ठिपका टिपून वेळ मोजणाऱ्या फोनच्या ॲपमधल्या वेळांवर मात्र खूश होऊ नका. ॲप बीप देतं, सामन्यात तबकडीतला दिवा लागतो. माणूस आवाजाला प्रकाशापेक्षा लवकर दाद देतो, सेकंदाच्या तीन-चार शतांशांनी. शिवाय मेणाच्या गोळीला तबकडीपर्यंत पोचायला वेळ लागतो, लेझरला लागत नाही. आणि मेणाचे स्वतःचे नखरे आहेतच: उन्हात मऊ पडून नळीत लेप बसतो, थंडीत तडकतं. त्याला ब्रश लागतो, लेझरला बटण सेल. सेल मात्र किरकोळ घेऊ नका, पाकीटच घ्या. ठिपका फिका पडला की रेघेचं टोक दिसेनासं होतं आणि चुकलेला ड्रॉ बरोबर वाटायला लागतो.

पाचपैकी तीन तारे. रबर सुटं विकायला लागले तर चार.