आर्किटेक्टला ॲडव्हान्स देण्याआधी वकील: तालुक्याला मिळणारा सल्ला कसा आहे?

धुऱ्यालगत फार्महाऊस असो की गावठाणाबाहेर मोठं घर, आर्किटेक्ट ठरवण्याआधी तालुक्याच्या कोर्टातल्या वकिलाला कागद दाखवावेतच. मात्र ही सेवा निम्मी पक्की, निम्मी कच्ची आहे.

पक्की बाजू जमिनीची. सातबारा, 8-अ, फेरफार आणि दुय्यम निबंधकांकडचा 30 वर्षांचा सर्च (जुन्या व्यवहारांच्या नोंदींचा शोध), हे काम तालुक्याचे वकील मन लावून करतात. जाणता वकील आधी सातबाऱ्यावरचा भोगवटादार वर्ग, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धरली आहे ते बघतो. वर्ग 2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असेल तर परवानगीचा प्रश्न सुटेपर्यंत नकाशाचं नावच काढू नये. मग सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातला बोजा (कर्ज वगैरे), राहून गेलेले वारस, पांदण (शेताकडे जाणारी वाट) नकाशावर आहे की नुसती वहिवाटीची. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत झुडपी जंगलाची (महसूल दफ्तरी तशी नोंदलेल्या खुरट्या झुडपांच्या जमिनीची) नोंद आवर्जून विचारा. 22 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनच मानली आहे. मोजणीची क प्रत (सरकारी मोजणीनंतर मिळणारा हद्दींचा नकाशा) हाती नसताना आर्किटेक्टने प्लॉट आखला, तर पुढे कंपाउंड शेजाऱ्याच्या हद्दीत निघतं.

कच्ची बाजू करारनाम्याची. आर्किटेक्टचं एक पानी कोटेशन बघून "ठीक आहे, करा सही" म्हणणारा वकील असेल तर फी निम्मी वाया गेली. वकिलाकडून करारात इतकं लिहून घ्याच. फी टक्क्यांत असेल तर टक्का अंदाजपत्रकावर की प्रत्यक्ष खर्चावर? प्रत्यक्ष खर्चावर असेल तर लोखंड महागलं की फीही चढते. मंजुरीचा नकाशा, वर्किंग ड्रॉइंग (बांधकामाचे तपशीलवार नकाशे), आरसीसी ड्रॉइंग (सळई-काँक्रीटचे नकाशे) यांतलं फीत काय धरलं आहे? साइटवर किती फेऱ्या, आणि त्यातल्या कोणत्या पायाचा खड्डा उघडा असताना व स्लॅब ओतण्याआधी सळई बांधलेली असताना? आपल्या काळ्या मातीत हे फार महत्त्वाचं. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया उथळ राहिला तर भिंतीला तिरप्या चिरा पडतात. म्हणून माती परीक्षणाचा खर्च कोणाचा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण, हे करारात नावानिशी हवं.

ड्रॉइंगचा कॉपीराइट लेखी दिला नसेल तर तो आर्किटेक्टकडेच राहतो. काम मध्येच थांबलं तर तेच नकाशे दुसऱ्याकडून पुढे नेता येतील, असं कलम टाकून घ्या. नोंदणी क्रमांकही मागा. तो CA ही अक्षरं, वर्ष, आकडा असा असतो. 1972 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्याला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही.

स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत सल्ला मिळतो, फोन 15100. बाकीच्यांनी सर्चची आणि करारनाम्याची फी वेगवेगळी विचारावी, आणि सर्च रिपोर्ट सही-शिक्क्यानिशी लेखी घ्यावा.