कॉलेजातला समर कॅम्प: रोबोट, माती की ग्राउंड?

एप्रिल लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर समर कॅम्पची पोस्टरं पडायला लागतात. माझी धाकटी जाऊ इचलकरंजीत असते, तिचं पोरगं सातवीत आणि पोरगी चौथीत. तिनं परवा एकदम सहा पोस्टरं टाकली आणि खाली लिहिलं, "ताई, यातलं कुठलं घालू? पंधरा दिवस पोरं कोल्हापुरात तुमच्याकडंच ठेवते." सहापैकी चार पोस्टरांवर कुठल्यातरी कॉलेजचं गेट. माझी दोन्ही पोरं असल्या तीन प्रकारच्या कॅम्पांतून जाऊन आलीत, म्हणून फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं लिहूनच काढतेय, बाकीच्यांनाही उपयोगी पडंल.

आधी ते गेटचं बघू. कॉलेजात कॅम्प म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असतात. एकात कॉलेजचेच मास्तर, कॉलेजचीच लॅब, कॉलेजचीच पोरं मदतीला. दुसऱ्यात बाहेरची कंपनी सुट्टीतला मोकळा वर्ग भाड्यानं घेते, आणि तुमचं पोरगं इंजिनिअरिंग कॉलेजात जाऊन बाकावर बसून तेच करतं जे ट्यूशनच्या खोलीतही झालं असतं. पोस्टर बघून यातलं काही कळत नाही. फोन करून सरळ विचारायचं, पोरं नेमकी कुठल्या खोलीत बसणार? उत्तर "सेमिनार हॉल" आलं की पुढचे प्रश्न जरा नीट विचारा.

रोबोटिक्सचा कॅम्प थोरल्यानं केला, सहावीत असताना. दहा दिवस, सकाळी ९ ते १२, साडेतीन हजार फी. शिकवलं ते चुकीचं नव्हतं हां. आर्डुइनोचा बोर्ड (प्रोग्रॅम भरून मोटरी चालवायचं छोटं सर्किट), दोन मोटरी, काळ्या पट्टीवरनं चालणारी गाडी. काळा रंग इन्फ्रारेड शोषून घेतो आणि पांढरा परत पाठवतो, त्यावरनं गाडीला कळतं पट्टी कुठं हाय ते, हे त्याला झोपेतनं उठवून विचारलं तरी आजही सांगतो. पण किट पाच पोरांत एक. ज्याचा हात पहिला पडला त्यानं स्क्रू पिळले, आणि आमचा सभ्य बाळ दहा दिवस वायर धरून उभा. शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, आणि किट परत जमा. घरी आला तो कार्डबोर्डचा पंखा घेऊन.

आणि लॅबचं काय म्हणाल तर एप्रिल-मे म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या परीक्षांचे दिवस, प्रॅक्टिकल चालू, लॅब बंद, म्हणून आमची पोरं हॉलमध्ये. एक दिवस तेवढा वर्कशॉपच्या मामांनी दार उघडून लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चालवून दाखवलं, लोखंडाची साल कशी गुंडाळत बाहेर येते ते, आणि फाउंड्रीतला, म्हणजे वितळलेला धातू ओततात तिथला, वाळूचा साचा. अर्धा तास. पोरगं आजपर्यंत त्या अर्ध्या तासाचंच सांगतंय, रोबोटचं नाही. खरं तर साडेतीन हजार त्या लेथचे द्यायला हवे होते, कारण आर्डुइनो डायनिंग टेबलावरही चालतो, लेथ काय आपण घरात आणणार नाही.

रोबोटिक्सला घालायचंच असेल तर दोन पोरांत एक किट हाय का विचारा आणि वर्कशॉप किती दिवस दाखवणार ते विचारा. "कोडिंग" म्हणून वेगळी फी मागत असतील तर बहुतेक ते स्क्रॅच असतं, स्क्रीनवर ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं. ते एमआयटीच्या मीडिया लॅबनं २००७ साली सगळ्यांसाठी खुलं केलं, साधारण ८ ते १६ वयाच्या पोरांसाठी, आणि ते फुकट हाय. कॅम्पात जाऊन त्याची गोडी लागली तर चांगलंच, पण फक्त तेवढ्यासाठी दोन हजार देऊ नका.

आता मातीचा. हा धाकटीनं केला, गेल्या वर्षी, एका आर्टच्या कॉलेजात. बारा दिवस, दोन हजार, साहित्य वेगळं. मी खरं सांगते, मला वाटलेलं चित्रं रंगवून घरी पाठवतील, उन्हाळ्यात पोरीला गुंतवायचं म्हणून घातलेली. पण तिथं वीस पोरांमागं चार मोठी पोरं, आर्टचीच विद्यार्थी, आणि बसायला त्यांचाच स्टुडिओ, जमिनीवर वाळलेला चिखल, कोपऱ्यात चाक, मागं भट्टी. पहिले दोन दिवस नुसती माती मळायला लावली. धाकटी रडकुंडीला आली, "आई, हे तर कणीक मळल्यासारखंच हाय." मग हत्ती करायला लावला, तेव्हा कळलं का ते. माती नीट मळली नाही, हत्ती आतनं भरीव ठेवला किंवा घाईनं उन्हात वाळवला तर तडकतो, आणि आत ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन फुटतो, भट्टी ९००-१००० अंशांपर्यंत जाते म्हणे. तिच्या हत्तीचा एक कान गेलाच. तो एककानी हत्ती आमच्या टीव्हीशेजारी बसलाय आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती कान का गेला याचं पूर्ण लेक्चर देते. तिला विज्ञानाच्या पुस्तकानं बाष्पीभवन शिकवलं नव्हतं असं नाही, पण हत्तीनं जास्त शिकवलं.

दोन दिवस पहाटे रंकाळा तलावावर नेऊन स्केचिंग करून घेतलं. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान रंकाळ्यावर, कोटीतीर्थ तलावावर बसून चित्रं काढायचे ही गोष्ट तिथल्या सरांनी पाण्याकाठीच सांगितली. कोल्हापूरला कलापूर कलापूर म्हणून आपण छाती फुगवतो, पण पोरांना त्याचा वास असल्या ठिकाणीच लागतो. आणि व्यवहाराचंच बोलायचं तर तुझं पोरगं सातवीत हाय, त्याला चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा द्यायच्या असतील तर हात बसायला हाच काळ. दोन्ही पास होऊन इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीत ७ मार्क वाढीव, बी ला ५, सी ला ३. मार्कांसाठी घालू नकोस, पण सासूबाईंना सांगायला कारण बरं.

तोटाही हाय. ज्या पोराला एका जागी बसवत नाही त्याला हा कॅम्प म्हणजे शिक्षा. शेजारणीचं पोरगं तिसऱ्या दिवशी पळून आलं. आणि रोज फोटो टाकायचा त्यांना नाद नाही, त्यामुळं आज काय केलं हे तुम्हाला फक्त कपड्यांवरनं कळतं.

ग्राउंडचा कॅम्प दोघांनी मिळून केला, सकाळी ६ ते ८, सगळ्यात स्वस्त, आठशे रुपये महिना. धावणं, फुटबॉल, थोडा व्यायाम. कोल्हापुरात पोराला फुटबॉलची गोडी लावायला कॅम्प कशाला लागतो, पेठेत सोडला की झालं, हे आमच्या ह्यांचं मत. त्यात तथ्य हाय, पण पेठेत तंत्र कोण शिकवणार? इथं मात्र एका कोचमागं चाळीस पोरं होती, त्यामुळं ज्याला आधीच येतंय तो पुढं, बाकीचे बॉल आणून देणारे. पिण्याचं पाणी आणि पोरींसाठी उघडं असलेलं बाथरूम, या दोन गोष्टी आधी जाऊन डोळ्यांनी बघून या, फोनवर विचारू नका. सुट्टीत कॉलेजची निम्मी कुलुपं बंद असतात.

आपल्याकडं कॉलेज आणि मैदानाचं नातं जुनं हाय तसं. पैलवान खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडले तेव्हा प्रिन्सिपल खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार उभे केले अशी गोष्ट आपण ऐकत आलोय. मी कॅम्पच्या कोचला ती सांगितली तर म्हणाला, "मॅडम, आधी नेट बदलायला सांगा की कॉलेजला."

एका पोस्टरवर "अमेरिकन युनिव्हर्सिटी पॅटर्न" असं लिहिलंय बघ. तो पॅटर्न वेगळा असतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली नावाच्या प्रोफेसरनं १९७१ च्या सुमाराला बारा-तेरा वर्षांच्या हुशार पोरांना कॉलेजच्या प्रवेशाची परीक्षा द्यायला लावून निवडायचं काम सुरू केलं, त्यातनं पुढं १९७९ ला सेंटर उभं राहिलं आणि तिथं पोरं कॅम्पसवरच राहून तीन-तीन आठवडे एकच विषय खोल शिकतात. दहा दिवसांत रोबोट, अबॅकस, योगा आणि झुंबा म्हणजे तो पॅटर्न नव्हे. तसलं खरंच काही हवं असेल तर पोरगं नववीत गेल्यावर इस्रोच्या युविका या शाळकरी पोरांच्या कार्यक्रमाचा फॉर्म भर, २०१९ पासून चालू हाय, दोन आठवडे इस्रोच्या सेंटरवर राहायचं, निवड झाली तर खर्च तेच करतात. ग्रामीण भागातल्या पोरांना त्यात वेगळं वजन मिळतं.

तारखा मात्र आत्ताच जुळव. बरेच कॅम्प एप्रिलच्या मध्यात सुरू होतात, ते सीबीएसईवाल्यांना बरं पडतं, पण आपल्या स्टेट बोर्डच्या पोरांची वार्षिक परीक्षा हल्ली एप्रिलच्या शेवटापर्यंत लांबते, मग पहिला आठवडा बुडाला की फी काय परत मिळत नाही. मेची बॅच घे आणि सकाळचीच घे. दुपारची बॅच म्हणजे ऊन, आणि चारनंतर वळीव आला की लाइट गेली, पोरं वर्गात अडकली आणि आपण छत्री घेऊन गेटवर. इंजिनिअरिंग कॉलेजं तर गोकुळ शिरगाव, कसबा बावडा, अतिग्रे अशी कडेला, कॉलेजची बस सुट्टीत चालू असेल असं धरून चालू नको. मी दहा दिवस स्कूटीवरनं दोन वेळा सोडणं-आणणं केलंय, पेट्रोलचा हिशोब फीत धरला तर तो कॅम्प साडेचार हजाराला पडला.

तर तुझ्या दोघांचं माझ्या डोक्यात असं हाय. पोरगीला मातीच्या कॅम्पला, डोळे झाकून. पोरगं घरातला मिक्सर खोलून बसतं ते मला माहिताय, पण पाच जणांत एक किट असलेल्या ठिकाणी त्याला पाठवून पैसे घालवू नकोस, मी उद्या त्या दोन नंबरच्या पोस्टरवाल्यांना वर्कशॉपचं विचारते. नाही म्हणाले तर त्यालाही माती, आणि सकाळी ६ ला ग्राउंड. स्क्रॅच माझा थोरला शिकवंल त्याला, एका पिझ्झ्यावर.

येताना दोघांचे जुने कपडे दोन-दोन जोड जास्त आण. शाडूचा डाग धुतला की जातो, पण तिथली लाल माती जात नाही, धाकटीचा पांढरा फ्रॉक आता फरशी पुसायला हाय.